पाच तारे आणि चार बोटं खिडकी

आज सकाळी दूध आणायला खाली उतरले तर जिन्याच्या पायऱ्यांवर कडुलिंबाचा मोहोर सांडलेला. वाऱ्याला पहिली धग आलेली. समोरच्या कोचिंग सेंटरमधली मुलं नऊ वाजताच सावली धरून चालत होती. या दिवसांत माणसं कपाळाला हात लावतात, आता जूनपर्यंत आपलं काही खरं नाही म्हणतात. माझं उलटं झालंय. सहलीच्या दिवशी मुलं पहाटेच उठून बसतात ना, तशी मी हल्ली उन्हाळ्याच्या पहिल्या दिवशी उठून बसते. पन्नाशीच्या बाईला हे शोभतं का, असं आई दरवर्षी विचारते.

वर आले तर बाबा ओलं फडकं घेऊन स्टुलावर चढायच्या बेतात होते. एकोणऐंशी वर्षांच्या माणसानं स्टुलावर चढू नये हे मी सांगायचं आणि त्यांनी ऐकू न आल्यासारखं करायचं, हा आमच्या घरचा वर्षातला एक सणच आहे. शेवटी मी चढले, त्यांनी स्टूल धरलं. एसीवरचं कापडी आवरण काढलं, आतल्या जाळ्या काढून खाली दिल्या. "लेबलावरनं फडकं हळू फिरव," त्यांनी बजावलं. दुकानातून आलं तसं ते लेबल अजून जागच्या जागी आहे. कमानीत मांडलेले पाच लाल तारे, खाली वर्षभराच्या युनिटांचा आकडा, त्याच्याखाली बारीक अक्षरांतली आणखी काही माहिती. बाबांनी ते कुणाला काढू दिलेलं नाही. घरी कुणी नवीन माणूस आलं की त्याला देवघराच्या आधी हे लेबल दाखवलं जातं, आणि आईनं त्यावरून भांडणंही सोडून दिलंय.

त्या लेबलामागे एक अख्खा उन्हाळा आहे. तीन वर्षं झाली त्याला, पण फडकं फिरवताना तो जसाच्या तसा हाताला लागतो.

त्याआधी आमच्याकडे कूलर होता. हैदराबादेत दिलसुखनगरातलं आमचं घर वरच्या मजल्यावर, डोक्यावर थेट गच्ची, आणि बाबांची खोली नेमकी पश्चिमेची. होळी झाली की तो लोखंडी कूलर खिडकीत बसायचा. त्याच्या बाजूंना नवं गवत भरायचं, पाणी सोडायचं, आणि पहिल्यांदा पंखा फिरला की ओल्या वाळ्याचा वास घरभर. त्या वासात आम्ही भावंडांनी कैऱ्या खाल्ल्या, मुंजल सोलले. ताडगोळ्यांना इथं मुंजल म्हणतात, आणि आम्ही मराठी घरातलेही तेच म्हणतो. आईच्या अंगावर डोकं टाकून झोपलो ते त्याच वासात. कूलरचा एकच कायदा होता, समोरची खिडकी चार बोटं उघडी पाहिजे. तीन बोटं ठेवली तर खोलीत दमट कोंडायचं, चादरी ओलसर लागायच्या, डब्यातले पापड मऊ पडायचे. पाच ठेवली तर सगळा गारवा रस्त्यावर. बाबा बारा वाजता कूलरचं बटण दाबायचे आणि त्याच पावली खिडकीशी जाऊन चार बोटं आडवी लावून फट मोजायचे. मला पाढे यायच्या आधी ही चार बोटं यायला लागली होती.

बाबांना मोजायची हौस आहे. जामबागेच्या बाजूला एका मराठी शाळेत त्यांनी चौतीस वर्षं गणित शिकवलं. आमचे पणजोबा निजामाच्या काळात नांदेडकडची शेती भावांवर सोडून इथं आले, तेव्हापासून आम्ही इथलेच. घरात मराठी बोलतो, पण त्या मराठीत उर्दू कधी शिरली आणि तेलुगू कधी, ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. बाबांच्या वर्गात बसलेली पोरं आज स्वतः आजोबा झालीत. बाजारात भेटली की भर रस्त्यात पायाशी वाकतात, आणि बाबा त्यांना हटकून एखादं तोंडी गणित घालतात.

तर त्या उन्हाळ्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. मे महिन्यात बाबा अफझलगंजच्या ग्रंथालयातून दुपारच्या बसनं परत आले आणि थांब्यावर उतरताना कोसळले. उसाच्या रसाची गाडी लावणाऱ्या बाईनं त्यांच्या तोंडावर पाणी मारलं, त्यांचा चष्मा उचलून ठेवला, त्यांच्याच खिशातल्या फोनवरून मला बोलावलं. मी पोचले तेव्हा ते फुटपाथवर बसून त्या बाईला, मला काही झालेलं नाही, असं तेलुगूत पटवून देत होते. ओठ मात्र पांढरेफटक होते. डॉक्टर म्हणाले, रक्तदाबाच्या गोळ्या आणि हे ऊन यांचं जमत नाही. उन्हाळ्यात दुपारी बारा ते चार यांना गार खोलीत ठेवा, कूलर पुरायचा नाही. मी खूप घाबरले होते. ते दोन दिवस मी बाबांच्या खोलीच्या दारातच खुर्ची टाकून बसले होते, आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी मला कचेरीत हाकललं.

माझा मोठा भाऊ पुण्याला असतो, कॉम्प्युटरच्या कंपनीत. मी त्याला दादा म्हणते, आईबाबा अवी म्हणतात. तो दुसऱ्या दिवशीच आला आणि आठवडाभर राहिला. त्यानं तेव्हाच विषय काढला होता, आणि पुढच्या फाल्गुनात फोनवर स्पष्टच सांगितलं. मेच्या पहिल्या रविवारी येतो. बाबांची खोली भर दुपारी गार असली तर ठीक, नाहीतर दोघांनाही पुण्याला घेऊन जाणार, आणि ते चार महिन्यांसाठी नाही, कायमचंच. दादा वाईट बोलत नव्हता. लांब राहणाऱ्या मुलाची भीती अशीच हुकूम होऊन तोंडातून येते. पण मी फोन ठेवला आणि घराकडे बघितलं. मी लग्न केलं नाही, आईबाबांजवळच राहिले. त्यांचं जाणं म्हणजे माझं घर रिकामं होणं, आणि बाबांचं अफझलगंज, जामबाग, पायाशी वाकणारे म्हातारे विद्यार्थी, सगळंच सुटणं. हा स्वार्थ होता, आणि मी तो आजही लपवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी शंभर पानी वही काढली, वर 'वातानुकूलन' असं ठसठशीत लिहून खाली दोन रेघा मारल्या, आणि मला म्हणाले, "चल, जरा मार्केट बघून येऊ."

तो दीड आठवडा मी कधी विसरणार नाही. कचेरी सुटली की मी धावत यायची, बाबा पांढरा सदरा घालून, खिशाला लाल पेन लावून जिन्यात उभे. दिलसुखनगरच्या मोठ्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना दुकानं, आणि प्रत्येक दुकानात भिंतभर पांढरे एसी. मला सगळे सारखेच दिसत. बाबा एकेका लेबलासमोर भिंग धरून उभे राहत. उत्तरपत्रिका तपासताना ते ओठ आत दुमडून घेतात, तसेच घ्यायचे. विक्रेते पाणी आणून देत, खुर्ची देत, शेवटी कंटाळून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे जात. बाबा त्याची दखलही घेत नव्हते. त्यांना नवा विषय सापडला होता, आणि सत्तरी ओलांडलेल्या माणसाला नवा विषय सापडल्यावर काय होतं ते मी रोज शेजारी उभी राहून बघत होते. त्यांची चालसुद्धा बदलली होती.

पहिला धडा टनाचा. मला वाटायचं दीड टन म्हणजे यंत्राचं वजन, आणि ते भिंतीला कसं पेलतं याची माझी मनात काळजीही करून झाली होती. बाबांना आनंदच झाला. भर दुकानात त्यांनी मला लहानपणीचा अफझलगंज सांगितला. लाकडाच्या भुशात लपेटून गोणपाटाखाली ठेवलेल्या बर्फाच्या लाद्या, त्यांच्याखालून वाहणारं पाणी, आणि अनवाणी पायांनी त्या पाण्यात उभी राहणारी पोरं. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना आजूबाजूची जेवढी उष्णता ओढून घेतो, तेवढी उष्णता खोलीतून काढायची ताकद म्हणजे एक टन. वर गच्ची तापते, पश्चिमेची भिंत तापते, म्हणून आपल्याला दीड. मी तेव्हापासून एसीखाली बसले की मला डोक्यावर बर्फाची दीड टनाची लादी दिसते, आणि खाली पायाशी गार पाणी.

दुसरा धडा ताऱ्यांचा. मला आपलं वाटायचं, जास्त तारे म्हणजे जास्त गार. बाबांनी लाल पेन हवेत आडवं फिरवलं. गारवा तेवढाच. तोच गारवा द्यायला कोण किती वीज खातं, त्याचे हे तारे. आणि ताऱ्यांच्याही आत एक आकडा दडलेला असतो. अख्ख्या हंगामात यंत्रानं किती उष्णता बाहेर काढली, तिला त्यासाठी लागलेल्या विजेनं भागायचं, की तो आकडा मिळतो. चारच्या पुढं, पाचच्या आसपास. जेवढा मोठा तेवढा चांगला. हा आकडा काढताना वर्षाचे सोळाशे तास धरतात, असं त्यांनी माहितीपत्रकातून शोधून काढलं. त्यात सौम्य दिवसही येतात आणि भाजून काढणारेही, ज्याच्या त्याच्या तासांच्या हिशेबानं.

"एका दिवसाच्या पेपरावरनं पोराला नापास करायचं नस्तंय," बाबा म्हणाले. "साल्भर कसा बसला, ते बघायचं."

बोलता बोलता ते थांबले. मलाही कळलं. दादा आणि मी, दोघंही हैदराबादच्या उन्हाळ्याला त्या एका दुपारवरून जोखत होतो, ज्या दुपारी बाबा बसथांब्यावर पडले. वाळ्याचा वास, मुंजल, चैत्रातल्या सुखाच्या संध्याकाळी, गच्चीवर पाणी मारल्यावर उठणारी वाफ, यांचे तास आम्ही धरलेच नव्हते. त्या आकड्याची मला तेव्हापासून माया वाटते. ऋतूची सरासरी काढायला बसलेला कुणीतरी न्यायी माणूसच त्याच्या मागे असणार, असं मला वाटतं.

एका दुकानात तर गंमतच झाली. तिथं दोन एसी शेजारी शेजारी, दोन्ही पाच ताऱ्यांचे. बाबांनी भिंग खाली सरकवत नेलं आणि लेबलावरची वर्षं वाचली. पहिल्यावरची मुदत संपून गेलेली होती. त्याचा तो हंगामी आकडा साडेचारच्या जरा पुढं, आणि दुसऱ्याचा पाचाच्या पुढं. मधल्या काळात ताऱ्यांची कसोटी कडक झाली होती. जुना माल आजच्या परीक्षेला बसला असता तर चार तारे घेऊन घरी आला असता. बाबांना हसू आवरेना. जुन्या अभ्यासक्रमात पहिला आलेला विद्यार्थी त्यांनी लेबलाच्या कोपऱ्यातून पकडला होता. त्या संध्याकाळी आम्ही इराणी हॉटेलात बसून चहा प्यायलो आणि बाबांनी दोन वेळा उस्मानिया बिस्किटं मागवली. आईला त्यातली एकच वेळ सांगितली.

यंत्र ठरलं ते नागमणीच्या दुकानात. नागमणी चाळिशीची, कडक इस्त्रीच्या साडीतली विक्रेती, आणि त्या दीड आठवड्यात बाबांना टाळून न गेलेली एकमेव व्यक्ती. बाबांनी वही तिच्यासमोर ठेवली. रोज दुपारचे चार तास, फार तर सहा, तेही उन्हाळ्याचेच दिवस. लेबलाच्या सोळाशे तासांच्या निम्मेसुद्धा भरत नव्हते. तिनं सगळं नीट वाचलं आणि खरं ते सांगितलं. इतका कमी वापर असेल तर तीन ताऱ्यांचंही चालतं, पाच ताऱ्यांचा फायदा पुष्कळ वर्षं वापरणाऱ्याला. मग जरा अडखळली. समोर शहात्तर वर्षांचा माणूस बसला होता. तिनं विचारलं मात्र, खालच्या आवाजात, "एन्नि संवत्सरालु वाडतारु, सार?" किती वर्षं वापरणार, सर?

फाल्गुनापासून घरात हाच प्रश्न होता, आणि आमच्यापैकी कुणाची तो विचारायची हिंमत झाली नव्हती. बाबांनी वहीवर पेन ठेवलं, समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे बघितलं.

"पदि," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून मराठीत, "दहा."

मला दुकानातच रडू आलं आणि मी पर्समध्ये काहीतरी शोधायचं सोंग केलं. बाबा पुण्याला जाणार नव्हते. एवढा मोठा निर्णय त्यांनी यंत्राच्या ताऱ्यांतून सांगून टाकला होता. नागमणीनं पाच ताऱ्यांच्या चौकटीत खूण केली आणि आत जाऊन बाबांसाठी ताक घेऊन आली.

एप्रिलच्या मध्याला एसी बसला. बसवला सलीमभाईंनी, जे वीस वर्षं आमच्या कूलरची मोटर बांधत आले होते. आईनं दुहेरी कापडाचा जाड पडदा शिवला, पार जमिनीपर्यंतचा. पहिल्या दिवशी दार लावून यंत्र सुरू केलं तेव्हा आई जरा वेळ बसली आणि म्हणाली, असं सगळं बंद केल्यावर कसंतरीच होतंय, जीव गुदमरल्यासारखा. मग तीही गारव्यात पेंगली. तेवढंच ते बोलणं झालं, पुढं कुणी काढलं नाही.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. बाबांचे जुने विद्यार्थी, खालच्या मजल्यावरचे रेड्डी, मागच्या गल्लीतली शिंप्याची बायको, सगळे फोनमध्ये लेबलांचे फोटो घेऊन यायला लागले. दुपारी चारनंतर आमच्या बैठकीत वर्ग भरायचा. बाबा फोटो दोन बोटांनी मोठा करत, आधी वर्षं वाच, मग आकडा वाच, तारे शेवटी मोज, असं सांगत. चौतीस वर्षांनी शाळा सुटली होती ती अशी परत भरली. मी चहा करता करता ऐकायची आणि मनात म्हणायची, दादा, ये आता खुशाल.

आणि मग मे उजाडला आणि खोली गार होईना.

एप्रिलात सत्तावीसवर येणारा पारा तीसच्या खाली यायचं नाव घेईना. बाबांच्या भिंतीवर शाळेच्या प्रयोगशाळेतला जुना तापमापक आहे, निरोपाच्या वेळी मिळालेला. तो कधी खोटं बोलत नाही. मी रिमोट चोवीसवर आणून बघितला, वीसवर आणून बघितला. यंत्र आपलं जीव खाऊन चालत होतं. बाबा वही उघडून बसले होते, पण काही लिहीत नव्हते. लेबल खोटं असावं, की आपला हिशेब चुकला, हे ते पुटपुटत नव्हते तरी मला ऐकू येत होतं. वर्गही त्यांनी दोन दिवस बंद ठेवला.

रविवारी दादा आला. त्याच्या हातात एक मोठी बॅग होती आणि ती रिकामी होती, हे मला ती उचलताच कळलं. जेवणं झाली. दोन वाजता तो बाबांच्या खोलीत गेला, एसी चालू होता. पाच मिनिटं उभा राहून त्यानं रुमालानं मान पुसली. तापमापकावर एकतीस. तो काही रागावला नाही, त्यानं फक्त कपाटाकडे बघितलं, ज्यात बाबांचे सदरे होते. "बाबा, तुम्ही प्रयत्न केलात," एवढंच म्हणाला. बाबा पलंगाच्या कडेवर बसून होते. शाळेत नापास झालेल्या पोराला ते कधी मान खाली घालू द्यायचे नाहीत, आणि त्या दुपारी त्यांची स्वतःची मान खाली होती. मला ते बघवलं नाही. मी सलीमभाईंना फोन लावला.

सलीमभाई जेवण टाकून आले. जाळ्या बघितल्या, गॅस बघितला, गच्चीवर जाऊन बाहेरचं यंत्र बघितलं. सगळं ठीक. खाली येऊन कमरेवर हात ठेवून खोलीच्या मधोमध उभे राहिले, आणि त्यांची नजर पडद्यावर गेली. पंखा बंद होता, तरी आईनं शिवलेला तो जाड पडदा खालच्या बाजूनं हळूच हलत होता. त्यांनी जाऊन तो उचलला. मागची खिडकी उघडी होती. मोजून चार बोटं.

"नक्को साब, ऐसा नक्को," सलीमभाई म्हणाले. "मशीन बिचारी पूरे दिलसुखनगर को ठंडा कर री."

आम्ही सगळ्यांनी आईकडे बघितलं. गुदमरल्याचं तीच म्हणाली होती. आई म्हणाली, मी हात लावलेला नाही. मग बाबांनी घसा साफ केला.

"मीच उघडतो," ते म्हणाले. "बारा वाजता मशीन लावतो आन् खिडकी उघडतो. रोज."

ज्यांनी अख्ख्या गल्लीला ताऱ्यांचे अर्थ शिकवले, एका युनिटाचाही हिशेब सोडला नाही, त्यांचा हात चाळीस वर्षांच्या सवयीनं खिडकीकडे जात होता, आणि डोक्याला त्याचा पत्ताच नव्हता. एप्रिलचं सौम्य ऊन त्या फटीतून निभावून गेलं, मेच्या झळांपुढं यंत्राचं काही चालेना. पण नुसती सवय नव्हती ती. ते आईकडे न बघता म्हणाले, "तू म्हणलीस ना पहिल्या दिवशी, जीव गुदमरायलाय म्हणून."

आई त्यांच्याकडे बघत राहिली. पन्नासहून जास्त वर्षांचा त्यांचा संसार, मी तिला त्यांच्यावर आवाज चढवताना फारसं ऐकलं नव्हतं. तेव्हाही तिनं तो चढवला नाही.

"अहो, मला गुदमरलं तर मी दार उघडून बाहेर जाईन," ती म्हणाली. "तुम्ही कुठं जाणार?"

खिडकी दादानं लावली. कडी बसली का ते दोनदा ओढून बघितलं, पडदा सरळ केला, आणि तिथंच बाबांच्या पायाशी पलंगावर बसला. सलीमभाईही गेले नाहीत, खुर्ची ओढून बसले. आम्ही सगळे त्या तापमापकाकडे बघत होतो. तीस. बऱ्याच वेळानं एकोणतीस. मला सामना बघत असल्यासारखं वाटत होतं, टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या. अठ्ठावीसवर बाबांनी वही ओढली आणि वेळ लिहिली. सव्वीसवर त्यांनी पेन खाली ठेवलं. तोवर दादा त्यांच्या पायाशी आडवा होऊन चक्क घोरायला लागला होता, पुण्याहून रात्रभर बसमध्ये बसून आलेला माणूस. आईनं त्याच्या अंगावर चादर टाकली आणि त्यानं झोपेतच ती गळ्यापर्यंत ओढून घेतली.

चार वाजता आईनं यंत्र बंद केलं, पडदा सारला आणि खिडकी उघडली, चार बोटं. आमच्याकडे तेव्हापासून तसंच चालतं. बारा ते चार बाबांचा कायदा, चारनंतर आईचा.

दादा मंगळवारी गेला. कायमचं घेऊन जायचा विषय त्यानं परत काढला नाही, बाबांनीही नाही. मोठी बॅग मात्र रिकामी गेली नाही. आईनं तिच्यात आवकाय लोणच्याची बरणी, सांडगे, आणि न विचारता बाबांचे दोन जुने सदरे भरले, ते दादा घरात घालायचा म्हणून. जिन्यात माझ्या डोक्यावर टपली मारून तो खाली उतरला, लहानपणी मारायचा तशी.

आज फडकं फिरवून झालं, जाळ्या वाळल्या, मी त्या परत बसवल्या. बारा वाजता बाबांनी रिमोट हातात घेतला. नेमका तेव्हाच दादाचा फोन आला. पुण्यातही आता दुपारी बसवत नाही म्हणाला, एसी घ्यायचाय, दुकानातच उभा आहे, चार लेबलांचे फोटो पाठवलेत, बाबांना विचार. मी फोन स्पीकरवर लावला. वाटलं, बाबा आता भिंग मागतील, वही मागतील. त्यांनी फोटो उघडलेसुद्धा नाहीत.

"अवी, तारे मागनं बघू," ते म्हणाले. "आधी सांग, किती वर्षं वापरणार हायस?"

पलीकडे दादा हसला. त्या हसण्यात दुकानातला गोंगाट होता आणि जरासं आणखी काही. मग म्हणाला, "तुमची किती झाली, बाबा?"

"चौथं सुरू झालं आत्ता," बाबा म्हणाले आणि बटण दाबलं. यंत्राची पट्टी हळूच उघडली. "सहा बाकी हायेत."

मी खिडकी बघायला उठले. ती आईनं आधीच घट्ट लावून ठेवली होती.